एअर पिस्तुलाचे पहिले पाच महिने: अर्जापासून साठ शॉटपर्यंत

9 जानेवारीला मी शूटिंग रेंजच्या कार्यालयात प्रशिक्षणाचा अर्ज दिला आणि 28 जूनला साठ शॉटची माझी पहिली अंतर्गत स्पर्धा पूर्ण केली. या दोन तारखांच्या मध्ये जे घडले ते क्रमाने लिहून ठेवतो आहे, कारण सुरुवात करताना मला जे वाचायला मिळाले ते एक तर मुरलेल्या स्पर्धकांसाठी होते किंवा पिस्तुले विकणाऱ्यांनी लिहिलेले होते. माझे वय पंचेचाळीस, डोळ्यांना चष्मा आणि खेळांशी संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटलेला, एवढे सुरुवातीलाच सांगितले म्हणजे पुढचे आकडे कोणी भलत्याच अपेक्षेने वाचणार नाही. सगळा मजकूर 10 मीटर एअर पिस्तुलाविषयी, म्हणजे दहा मीटरवरच्या टार्गेटवर हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाविषयी आहे. नवशिक्याला बहुतेक ठिकाणी याच पिस्तुलाने सुरुवात करायला लावतात आणि ते योग्यच आहे, कारण त्याला धक्का जवळजवळ नसतो, आवाज कमी असतो आणि त्यामुळे चूक आपलीच आहे हे लवकर कळते.

अर्जासोबत दोन छायाचित्रे, ओळखपत्राची प्रत, नियम पाळण्याचे हमीपत्र आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, असे फलकावर लिहिले होते. मी सगळे जोडले आणि चौथ्या दिवशी अर्ज परत आला. डॉक्टरांनी ‘प्रकृती उत्तम’ असे लिहिले होते. कार्यालयाला मात्र दृष्टीचा, रक्तदाबाचा आणि झटक्यांचा (फिट येण्याचा) पूर्वेतिहास नसल्याचा स्वतंत्र उल्लेख हवा होता आणि तो फलकावर कुठेही नव्हता. दवाखान्याची आणखी एक फेरी झाली, 17 जानेवारीला अर्ज पुन्हा दिला आणि मंजुरीचा निरोप आला तो 12 फेब्रुवारीला, म्हणजे सव्वीस दिवसांनी. उशिराचे कारण विचारले असता नव्या लोकांची तुकडी भरल्याशिवाय सुरक्षा वर्ग घेत नाहीत, असे सांगण्यात आले. माझी सूचना एवढीच, की प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे आणि मंजुरीची वाट पाहण्याच्या काळात पिस्तूल विकत घेण्याच्या फंदात पडू नये. मालकीचे आणि परवान्याचे नियम जागेगणिक बदलतात, क्लबचे पिस्तूल वापरायला मिळत असते आणि आपल्या हाताला कोणती मूठ बसते हे तेव्हा आपल्याला ठाऊकही नसते.

15 आणि 16 फेब्रुवारीला सुरक्षेचे दोन वर्ग झाले आणि शेवटी लेखी परीक्षा. पिस्तूल भरलेले आहे असेच समजून वागायचे, नळीचे तोंड सदैव टार्गेटकडे, शॉट सोडायच्या क्षणापर्यंत बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, ‘स्टॉप’ ऐकताच जे काही चालले असेल ते तिथेच थांबवायचे आणि पिस्तूल ठेवताना नळीतून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामे असल्याची रंगीत खूण, बाहेर दिसला पाहिजे. हे सगळे ऐकताना सोपे वाटते. पण वर्ग संपल्यावर प्रत्येकाला रिकामे पिस्तूल उचलून परत ठेवायला सांगितले, तेव्हा आमच्या आठ जणांतील पाच जणांचे बोट आपसूक ट्रिगरवर गेले आणि त्या पाचांत मी होतो. आणखी एक गोष्ट तिथे कळली: छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही आणि छर्रे तोंडात धरायचे नाहीत. ही दुसरी सूचना कोणाला द्यावी लागत असेल, यावर माझा विश्वास नव्हता. पुढे एकाला तसे करताना पाहिले.

19 फेब्रुवारीला पहिले वीस शॉट. टार्गेटचे कार्ड 17 सेंटिमीटर चौरस असते, त्यातला काळा गोल 59.5 मिलिमीटरचा आणि मधले, दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. हे आकडे मला पाठ होते. तरीही दहा मीटरवरून तो काळा ठिपका पाहिल्यावर मनात पहिला विचार आला तो हाच, की कार्ड कोणीतरी चुकून लांब लावले आहे. उभे राहून, एका हाताने, मनगटाला कसलाही आधार न देता साधारण किलोभर वजनाचे पिस्तूल धरायचे. फ्रंट साइटचे, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरील नेम धरायच्या खुंटीचे, टोक काळ्या गोलाखाली तरंगत होते म्हणण्यापेक्षा भटकत होते, म्हणणे जास्त खरे. वीस शॉटचे 128 गुण झाले, सरासरी 6.4, त्यातले दोन शॉट काळ्याच्या पुष्कळ बाहेर आणि बहुतेक सगळे डावीकडे खाली, घड्याळात आठ वाजतात त्या दिशेला.

इथे मी जी चूक केली ती जवळजवळ प्रत्येक नवशिक्या करतो, म्हणून ती सविस्तर सांगतो. शॉट डावीकडे खाली जात आहेत, तर साइट उजवीकडे वर सरकवावी, असा सरळ हिशेब मी केला. शेजारच्या लेनवरील एका अनुभवी दिसणाऱ्या गृहस्थांनीही तसाच सल्ला दिला. रिअर साइटचे, म्हणजे डोळ्याकडच्या खाचेच्या पट्टीचे, दोन स्क्रू फिरवताना टिचक्या लागतात आणि टिचकीगणिक छर्‍याची जागा जराशी सरकते. पुढच्या तीन सत्रांत मी मिळून तीसेक टिचक्या फिरवल्या असतील. दर पाच शॉटनंतर एक छिद्र पाहायचे आणि त्याच्या मागे धावायचे. चौथ्या सत्रात शॉट कार्डाच्या चारही बाजूंना पडू लागले आणि पिस्तूल मुळात कोणत्या टिचकीवर होते, तेही मला सांगता येईना. क्लबचे पिस्तूल असल्यामुळे त्या दिवशी माझ्यानंतर ज्याच्या वाट्याला ते आले, त्याचाही सराव वाया गेला. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लाल शाईत ‘साइटला हात लावू नये’ असा शेरा पडला, तो अजून आहे.

यानंतर आमच्या प्रशिक्षिकांनी मला पंधरा मिनिटे दिली आणि ती पंधरा मिनिटे पुढच्या चार महिन्यांना पुरली. त्यांनी मला लेनच्या मागे उभे राहायला सांगितले, स्वतः पिस्तुलाशी काही केले, नळी टार्गेटकडे ठेवून ते टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “या, उचला आणि एक शॉट मारा. आत छर्रा आणि हवा आहे की नाही, ते मी सांगणार नाही.” असे दहा वेळा झाले. दहापैकी सहा वेळा पिस्तूल रिकामे होते, आणि त्या सहाही वेळा ट्रिगर दाबताक्षणी नळीचे टोक खाली डावीकडे लचकले, जणू कोणी वरून टपली मारली असावी. छर्रा असताना हीच लचक शॉटच्या आवाजात लपून जात होती. मी वळून पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, “साइट बरोबर होती. तुम्ही नेम धरता चांगला, पण दहा दिसला की तो पळून जाईल म्हणून झडप घालता.”

झडप हा शब्द नेमका होता. हात हलतोच, तो कोणाचाही हलतो. फ्रंट साइट भटकत भटकत मधोमध आली, की ‘आत्ता!’ असे डोके ओरडत होते आणि बोटाबरोबर अख्खा पंजा आवळला जात होता. या आवळण्याने पिस्तूल थोडे वळते आणि थोडेसे वळणेच महागात पडते. त्या दिवशी घरी जाऊन मी कागदावर हिशेब मांडला. आमच्या पिस्तुलात फ्रंट आणि रिअर साइटमधले अंतर सुमारे 32 सेंटिमीटर आहे. संपूर्ण हात, साइट एका रेषेत ठेवून, एक मिलिमीटर बाजूला सरकला तर कार्डावर छर्राही जवळपास एकच मिलिमीटर सरकतो. पण मनगट वळून फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर ती चूक साधारण 31 मिलिमीटरची होते. मधल्या वर्तुळानंतरची प्रत्येक कडी 8 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दहाचा शॉट सातावर जातो. काळ्या गोलाखाली हात डुलत असल्याची जी काळजी मी इतके दिवस वाहिली, तिची किंमत एखाद-दुसरा गुण होती. खाचेतल्या त्या दोन पांढऱ्या फटी सारख्या आहेत की नाहीत, याकडे मी पाहतच नव्हतो.

मार्च महिना मग कार्ड उलटे लावून गेला. मागची बाजू कोरी पांढरी असते. तिच्यावर नेम धरायला काहीच नसते, म्हणून झडप घालायलाही काही नसते. पाहायचे ते फक्त फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंच्या फटी आणि तिची वरची कड, आणि ती दिसत असताना बोट हळूहळू दाबत न्यायचे. स्पर्धेच्या नियमांनुसार एअर पिस्तुलाच्या ट्रिगरवर किमान 500 ग्रॅमचा ताण असावा लागतो. त्याला दोन टप्पे असतात: पहिला मोकळा, दुसऱ्याशी बोट अडते. पहिला टप्पा पिस्तूल नेमाच्या जागी खाली येतानाच घेऊन ठेवायचा, हे मला फार उशिरा कळले. पहिल्याच दिवशी कोऱ्या कार्डावर पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, आला तो जेमतेम कपाच्या तोंडाएवढा, पण त्यातली पाचही छिद्रे एकत्र नांदत होती. खाली डावीकडे पळालेले एकही नव्हते. नवशिक्यांना गुण न मोजता ग्रुप मोजायला का सांगतात, ते त्या कार्डाने मला शिकवले. ग्रुप घट्ट असेल तर तो मध्यभागी आणायला चार टिचक्या पुरतात; पसरलेल्या ग्रुपला कोणतीही टिचकी लागू पडत नाही.

चष्म्याचा प्रश्न याच महिन्यात सुटला. फ्रंट साइट स्वच्छ दिसली पाहिजे आणि काळा गोल धूसर असला तरी चालतो, हे सगळेच सांगतात, पण चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला हात लांब करून धरलेली साइट ना लांबच्या चष्म्यातून स्वच्छ दिसते, ना वाचायच्या. मी दोन पट्ट्यांच्या चष्म्यातून मान वर-खाली करून पाहत होतो आणि त्यात मानेचा कोन दर शॉटला बदलत होता. नेत्रतपासनिसाकडे जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर मोजून नेले, त्या अंतरावर लहान अक्षरे लावून तपासणी करून घेतली आणि लांबच्या नंबरात थोडी अधिक शक्ती मिळवलेली एकच काच साध्या फ्रेममध्ये बसवून घेतली. दुसरा डोळा मिटायचा नाही. मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो. त्या दुसऱ्या डोळ्यासमोर पांढऱ्या कागदाची पट्टी लावायची, ती नियमाप्रमाणे 30 मिलिमीटरपेक्षा रुंद असू नये. या सगळ्या उपद्‌व्यापाला आठ दिवस लागले आणि पाच महिन्यांत केलेल्या खर्चांपैकी सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर प्रमाण सांगतो, कारण दर सगळीकडे वेगळे. आठवड्यातून दोन सत्रे, एका सत्रात सरासरी पन्नास शॉट. मध्ये काही दिवस बुडाले, म्हणून एकूण तेहेतीस सत्रे झाली. पाचशे छर्रे असलेल्या डब्या चार घेतल्या, चौथीत साडेतीनशेच्या आसपास छर्रे उरले आहेत. चपट्या डोक्याचे 4.5 मिलिमीटरचे छर्रे घ्यावेत, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुणांवरून वाद होत नाही. लेनचे शुल्क छर्‍यांपेक्षा जास्त गेले. महागडे बूट, जाकीट असले काही लागत नाही. सपाट तळव्याचे, घोट्याखालचे बूट पुरतात.

एप्रिलमध्ये मी अडकलो. सरासरी 7.5 वर आली आणि तीन आठवडे तिथून हलेना. कारण सापडले ते वहीमुळे. प्रशिक्षिकांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवायला सांगितले होते आणि मी तीत फक्त गुण लिहीत होतो. कंटाळून एके दिवशी शॉट सुटण्याआधी किती सेकंद गेले, तेही लिहायला लागलो. मनातल्या मनात मोजलेले आकडे होते, त्यामुळे फार अचूक नसतील, पण चित्र स्पष्ट होते. पिस्तूल नेमाच्या जागी स्थिरावल्यापासून सहा ते नऊ सेकंदांत सुटलेले शॉट बहुतेक काळ्यात होते. बारा-पंधरा सेकंद रोखून धरलेल्या शॉटमध्ये सहा आणि पाच भरपूर होते. झडप घालायची सवय मोडताना मी उलट्या टोकाला गेलो होतो आणि साइट अगदी बरोबर दिसेपर्यंत थांबत होतो. तेवढ्या वेळात श्वास संपतो, डोळ्यासमोरची कड विरघळू लागते आणि हात आधीपेक्षा जास्त हलतो.

उपाय सांगायला सोपा आणि करायला अत्यंत जड होता: नऊ मोजून होईपर्यंत शॉट सुटला नाही तर बोट बाहेर काढून पिस्तूल खाली टेकवायचे, दोन श्वास घ्यायचे आणि सगळे पहिल्यापासून करायचे. पिस्तूल खाली ठेवताना हरल्यासारखे वाटते. पहिल्या दिवशी पन्नास शॉटसाठी मी चौऱ्याऐंशी वेळा पिस्तूल उचलले, दुसऱ्या दिवशी खांदा वर होईना. म्हणून घरी व्यायाम सुरू केला: लिटरभर पाण्याची भरलेली बाटली एका हाताने खांद्याच्या रेषेत धरायची, दहा सेकंद धरून अर्धा मिनिट विश्रांती, असे पंधरा वेळा, एक दिवसाआड. दुसरा व्यायाम रेंजवर लवकर पोहोचून करण्याचा: छर्रा न भरता, पिस्तुलातील सरावाच्या सोयीवर, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून वीस वेळा ट्रिगर दाबायचा आणि टक् झाल्यावर फ्रंट साइट जिथे होती तिथेच आहे का, ते दोन सेकंद पाहत राहायचे. याला ड्राय फायर म्हणतात. त्यासाठीही रेंज ऑफिसरची परवानगी घ्यावी लागते आणि रजिस्टरमध्ये वेगळी नोंद करावी लागते. मला ती नोंद सुरुवातीला जाचक वाटली; पण ‘रिकामे आहे’ असे समजून हाताळलेले पिस्तूल कोणाच्या तरी नोंदीत असावे, हे आता पटते.

पायांची जागाही मे महिन्यातच नीट लागली. डोळे मिटून पिस्तूल उचलायचे, सैल व्हायचे आणि डोळे उघडायचे. साइट काळ्याच्या डावीकडे असेल तर हात न वळवता मागचा पाय थोडा सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. दोन मिनिटांचे काम आहे. ते मी रोज टाळत होतो, कारण शेजारी लोक धडाधड शॉट मारत असताना डोळे मिटून उभे राहायला संकोच वाटायचा.

अंतर्गत स्पर्धेचा अर्ज 2 जूनला दिला. त्यासाठी प्रशिक्षिकांची सही असलेली शेवटच्या तीन सत्रांची गुणपत्रके जोडायची होती. त्यातल्या एकावर तारीख नव्हती, म्हणून तोही अर्ज एकदा परत आला. माझ्या बाबतीत बहुधा ही प्रथाच आहे. 28 जूनला सकाळी आधी पिस्तुलाची तपासणी झाली: ट्रिगरला 500 ग्रॅमचे वजन टांगून पाहिले आणि हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत पाहिली. मग तयारी आणि चाचणी शॉटसाठी पंधरा मिनिटे आणि त्यानंतर साठ शॉटसाठी नव्वद मिनिटे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असते तर पंचाहत्तर मिळाली असती. आमच्याकडे कागदी कार्डे होती, एका कार्डावर पाच शॉट.

पहिल्या दहा शॉटमध्ये माझ्या गुडघ्याला कंप होता, तो मला सरावात कधी भेटला नव्हता. 79 गुण झाले. तेव्हा एकदा साइटच्या स्क्रूकडे हात गेला होता, हे कबूल करतो. हात मागे घेतला, खुर्चीवर बसलो, पाणी प्यायलो. बसता येते, वेळ आपला असतो, हे मला त्याआधी खरोखर कळलेच नव्हते. त्रेचाळिसाव्या शॉटला मी पिस्तूल चार वेळा खाली ठेवले. मागे कोणीतरी खोकले. पाचव्यांदा उचलल्यावर फटी सारख्या दिसल्या, काळा गोल धूसर होता आणि शॉट मला न विचारता सुटला. तो नऊ होता. दहा व्हायला हवा होता, असे त्या वेळी वाटले नाही, एवढे मात्र नक्की आठवते.

एकूण 498 गुण, सरासरी 8.3, अकरा स्पर्धकांत आठवा क्रमांक. अकरा मिनिटे शिल्लक होती. डावीकडे खाली गेलेले शॉट सात होते, त्यातले पाच शेवटच्या पंधरा शॉटमध्ये, म्हणजे थकल्यावर पंजा अजून आवळतो. जुलैचा सराव त्याच्यावर आहे. गुणपत्रकावर सही घेतली, उरलेले छर्रे मोजून डबीत भरले, पिस्तूल फ्लॅग लावून परत केले, हात धुतले आणि रजिस्टरमध्ये बाहेर पडण्याची वेळ लिहिली. तेव्हा कार्यालयातून सांगण्यात आले, की डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची मुदत सहा महिन्यांची असते आणि माझी जुलैच्या मध्यात संपते आहे. नवे प्रमाणपत्र आणि दोन छायाचित्रे आणावीत. या वेळी नमुना मागून घेतला आहे.